फाटकासमोरून जाणारी मुलगी : शाळेतील उपस्थिती आणि वेळ यांविषयी एक प्रकरण अभ्यास

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या पट्ट्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षी तिसरी आणि चौथीचा एकत्र वर्ग माझ्याकडे होता. शाळा पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापिका बाईंकडे. पुढे मांडलेले प्रकरण चौथीतल्या एका मुलीचे आहे. तिचे, तिच्या घरच्यांचे आणि गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. कुटुंब पेठ तालुक्यातून मजुरीसाठी आलेले, आदिवासी समाजातले, आणि एका बागायतदाराच्या मळ्यातच पत्र्याच्या खोलीत राहणारे होते, एवढे सांगितले तरी पुरे.

प्रकरणाकडे माझे लक्ष प्रथम गेले ते हजेरीमुळे नव्हे, एका उत्तरपत्रिकेमुळे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रथम सत्राची चाचणी झाली. मराठीचा उतारा तिने स्वच्छ वाचून लिहिला होता, परिसर अभ्यासाची उत्तरे स्वतःच्या शब्दांत होती. गणिताच्या पेपरात मात्र ८१६ भागिले ४ याचे उत्तर तिने २४ असे लिहिले होते. भागाकाराच्या मांडणीत ८ ला ४ ने भागून २ आले होते, नंतरचा १ खाली घेतला होता, १ मध्ये ४ जात नाहीत म्हणून ६ खाली ओढून १६ केले होते आणि ४ लिहिले होते. भागाकारात शून्याची जागा भरायची असते, तेवढे एक पाऊल गळले होते. ही चूक वर्गात आणखी दोघातिघांनी केली होती. पण त्यांची आधीची गणितेही डळमळीत होती. हिचे तसे नव्हते. सप्टेंबरपर्यंतचे सगळे तिला येत होते आणि ऑक्टोबरपासून शिकवलेले जवळजवळ काहीच येत नव्हते. वहीत त्या पाठाची पाने कोरी नव्हती. गणिते फळ्यावरून उतरवलेली होती, पण उत्तरापासून, म्हणजे फळा पुसण्यापूर्वी जेवढे हाती लागले तेवढे.

हजेरीपट उघडून पाहिला, तर ऑक्टोबरभर तिच्या नावापुढे एक-दोन दिवस सोडले तर हजरच. आमचा हजेरीपट मुलाला हजर किंवा गैरहजर एवढेच म्हणू शकतो. त्याच वर्षी हजेरी रोज मोबाइलवरून वरच्या कार्यालयाला कळवण्याची पद्धतही सुरू झाली, पण तिलाही याहून वेगळे काही विचारायचे नव्हते. मूल दहाला आले काय आणि पावणेअकराला आले काय, पोषण आहाराच्या ताटांच्या संख्येत फरक पडत नाही, म्हणून कागदावरही पडत नाही.

शाळा दहाला भरते. पहिली वीस मिनिटे परिपाठाची : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बातम्या, पाढे. दहा-वीसला पहिली तासिका, आणि माझ्या वेळापत्रकात ती सहाही दिवस गणिताची होती. डोके ताजे असताना गणित घ्यावे, असा आमच्याकडे जुना संकेत आहे आणि मीही तो न तपासता पाळत आलो होतो. ही मुलगी ऑक्टोबरपासून दहा-पस्तीस, दहा-चाळीसला दारात उभी राहत असे. तेव्हा गणित फळ्यावर निम्मे झालेले असे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. रोज अर्धा तास उशीर म्हणजे २०० दिवसांत १०० तास. आठशेचा आठवा हिस्सा, किंवा दिवसाला चार तास धरले तर २५ दिवसांची गैरहजेरी. हा हिशोब पालकसभेत मी पूर्वीही मांडला आहे आणि तो ऐकणाऱ्याला पटतोही. परंतु या प्रकरणानंतर मला तो अपुरा वाटू लागला, कारण २५ दिवस घरी राहिलेल्या मुलाचे सगळ्या विषयांचे थोडेथोडे बुडते, तर रोज अर्धा तास उशिरा येणाऱ्या मुलाचे एकाच विषयाचे बुडते. गैरहजेरीचे खिंडार वहीत दिसते, मुलाला स्वतःलाही दिसते, आणि मित्राची वही मागून ते भरता येते. उशिराचे खिंडार दिसत नाही. मुलाला वाटते आपल्याला गणित जमत नाही, शिक्षकालाही तेच वाटते, आणि दोघेही त्यावर शांतपणे विश्वास ठेवतात.

मी त्यावर काय केले, हे आता सांगणे भाग आहे. उशिरा येणाऱ्या मुलांना आम्ही परिपाठ संपेपर्यंत फाटकाजवळ उभे करत असू आणि मग सर्वांसमोर कारण विचारत असू. ती तर परिपाठ संपल्यावरच यायची, म्हणून तिला वर्गाच्या दारात उभे केले जाई. कारण विचारले की ती खाली बघत असे. फार झाले तर म्हणे, "भाऊ रडतो, सर." हे उत्तर मला सबब वाटले. भाऊ कुणाचा रडत नाही? ऑक्टोबरच्या शेवटी एके दिवशी, तीच ओळ तिसऱ्यांदा समजावून सांगत असताना ती दारात आली आणि मी रागाच्या भरात म्हणालो, "उशीरच करायचा असेल तर येतच जाऊ नकोस." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे मला पाठ आहे, डी.एड.ला नव्हते, नंतरच्या प्रशिक्षणांत दोनदा ऐकले आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये नियमितपणा आणि वक्तशीरपणा ही शिक्षकाची कर्तव्ये म्हणून लिहिली आहेत. पिंपळगावहून मोटारसायकलने येताना कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकून मलाही कधी दहा-दहा झाले आहेत आणि मला दारात कुणी उभे केलेले नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागली तेव्हा ती अचानक वेळेवर येऊ लागली. सलग दहा-बारा दिवस ती परिपाठाला हजर होती. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली आणि बाईंना तसे सांगितलेही. मग डिसेंबरच्या मध्यापासून ती यायचीच थांबली.

जानेवारीच्या ३ तारखेला सावित्रीबाई फुले यांची जयंती, बालिका दिन. चौथीच्या मुलींची भाषणे होती. तिचे नाव यादीत आधीपासून घातलेले होते आणि ते वाचले गेले तेव्हा रांगेतून कुणी उठले नाही. तिसरीतला एक मुलगा आपणहून म्हणाला, "सर, ती उशिरा नव्हती येत. रोज लवकर यायची, पण फाटकापासून पुढं जायची." मी त्याला पुन्हा विचारले. त्याने हात लांब करून गावाच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवले. हे त्याला ऑक्टोबरपासून माहीत होते. मी विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी मळ्यात गेलो. आपल्याकडे सलग महिनाभर गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य धरले जाते, आणि ती त्या रेषेच्या फार अलीकडे राहिली नव्हती. तेव्हा ही भेट निव्वळ कळवळ्याची होती असे मी म्हणणार नाही. आई नुकतीच बागेतून आली होती. हाताची बोटे द्रावणाने पिवळसर पडली होती. मुलगी चुलीपुढे होती आणि साडेतीन वर्षांचा भाऊ तिच्या पाठीला चिकटून बसला होता. मी म्हणालो, "ताई, पोरगी शाळेत का येत नाही?" त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "सर, अंगणवाडी बंद आहे ना. आणि तुम्हीच तिला सांगितलं, उशीर झाला तर येऊ नको म्हणून."

पुढची सगळी हकिकत त्या अर्ध्या तासात उलगडली, आणि ती समजायला द्राक्षाच्या कामाचे वेळापत्रक माहीत असावे लागते. आमच्या भागात एप्रिलची खरड छाटणी झाली की बागेला मजूर लागतात, पण ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की पुढचे तीन-चार महिने बायकांच्या हाताला उसंत नसते. वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट लावणे, फेलफुटी म्हणजे घड न आलेल्या फुटी काढणे, मग घड जीए या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, ज्याला सगळे डिपिंगच म्हणतात, आणि नंतर मण्यांची विरळणी. डिपिंग उन्हे चढण्याच्या आत करायचे असते, म्हणून सात वाजायच्या आधी बागेत पोचावे लागते. वडील त्याच बागेत फवारणीच्या ट्रॅक्टरवर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आई नऊनंतर कामाला निघत असे आणि धाकट्याला स्वतः अंगणवाडीत सोडत असे. ऑक्टोबरपासून ते काम मुलीकडे आले. बाळाला बागेत नेता येत नव्हते का, असे मी विचारले, तर आई म्हणाली, "औषध मारलेलं असतं, सर." याहून अधिक काही विचारण्याची गरज नव्हती.

मळा गावाच्या एका टोकाला, अंगणवाडी दुसऱ्या टोकाला, आणि शाळा मधे. ती भावाचा हात धरून दहाला दहा कमी असताना शाळेच्या फाटकासमोरून पुढे जात असे. अंगणवाडी दहाला उघडायची. सेविका येऊन कुलूप निघेपर्यंत आणि भाऊ तिचा फ्रॉक सोडेपर्यंत दहा-वीस, दहा-पंचवीस होत. मग ती पळत मागे येई. शाळेत सर्वांत उशिरा पोचणारी मुलगी ही शाळेपर्यंत सर्वांत लवकर आलेल्यांपैकी एक होती.

घरी परतल्यावर मी परिपाठाची वही काढली. बातम्या आणि दिनविशेष कोण वाचणार याची पाळी त्या वहीत तारखेसह लिहिलेली असते, आणि ज्याची पाळी तो नसला तर त्याच्या नावावर काट मारून दुसऱ्याचे लिहिले जाते. तिचे नाव सप्टेंबरअखेरपर्यंत कुठेही खोडलेले नव्हते. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक वेळी खोडलेले. दिवाळीनंतर पुन्हा दोनदा न खोडलेले, तिच्याच गोल अक्षरात दिनविशेष लिहिलेले. त्या दहा-बारा दिवसांचे श्रेय मी माझ्या रागावण्याला दिले होते, पण खरे कारण आकाशातून पडले होते. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्याला अवकाळी पाऊस आणि गारपिटीने झोडपले आणि ज्या बागेत ही आई राबत होती तिचे घड फुटून गेले. काम बंद पडले. आई घरी होती, भावाला ती सांभाळत होती, आणि मुलगी दहाच्या ठोक्याला शाळेत होती. डिसेंबरच्या मध्यावर आईला गारांतून वाचलेल्या दुसऱ्या बागेत काम मिळाले. पण तोवर, ४ डिसेंबरपासून, राज्यभर अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचा बेमुदत संप सुरू झाला होता. तो जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत चालला. अंगणवाडीला कुलूप, म्हणून भावाजवळ बहीण. शेजारच्या खोलीतली एक आजी अकराच्या सुमारास मोकळी होत असे आणि मुलाला बघायला तयार होती. म्हणजे मुलगी अकराला तरी शाळेत येऊ शकली असती, खिचडी खाऊ शकली असती, दुपारचे चार तास बसू शकली असती. ती आली नाही, कारण तिने माझे वाक्य शब्दशः पाळले.

या प्रकरणात आळशी कोण, बेफिकीर कोण, असे शोधू गेले तर कुणी सापडत नाही. आई घरखर्चासाठी पहाटे निघते. सेविका आपल्या मानधनासाठी आणि पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी संपावर जाते, आणि त्यातही मदतनीस महिना साडेपाच हजारांवर काम करत होती. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमण्याची तरतूद आहे. खाजगी बागेतल्या रोजंदारीला असे काहीच लागू नाही. मग ती तरतूद नऊ-दहा वर्षांची मुलगी आपल्या पहिल्या तासिकेतून पुरी करते.

आपल्याकडे मुलांना शाळेत आणण्याचे उपाय बहुतेक रुपयाभोवती फिरले आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता, आणि त्या काळात तो दंड झोंबणारा होता. पुढे १९९२ पासून राज्य शासनाने उलट वाट धरली : दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता. शाहू महाराजांच्या काळी मुलाला न पाठवणे हा बहुतेक ठिकाणी पालकाच्या मनाचा प्रश्न होता आणि दंडाने मन वळत होते, म्हणून त्या कायद्याविषयी माझा आदर कमी होत नाही. परंतु माझ्या वर्गातल्या या मुलीपुढे दंडही निरुपयोगी होता आणि भत्ताही. तिची आई तिला पाठवायला तयार होती, ती यायला तयार होती. अडचण होती ती दोन दरवाजे एकाच वेळी उघडण्याची, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या पलीकडे असण्याची. २०२४ च्या फेब्रुवारीत, पुढच्या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. तो मुलांच्या झोपेच्या दृष्टीने योग्यच आहे, पण आमच्यासारख्या दहाच्या शाळेला त्याने काही फरक पडत नव्हता.

उपाय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निघाला, आणि तो माझा नव्हता. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या नियमाचा उपयोग मला त्या दिवशी कळला. पुरुष मंडळी पालकाला समज देण्याविषयी बोलत असताना मागे बसलेल्या एका आईने विचारले की अंगणवाडीच्या मदतनीस बाईंचे घर तर शाळेच्या मागेच आहे, मग त्यांनी जाता जाता पोराला फाटकातून उचलले तर काय बिघडेल. संप चालू असेपर्यंत भावाला मुख्याध्यापिका बाईंच्या पहिलीच्या वर्गात बसवायचे ठरले. तो पहिले दोन दिवस बहिणीला शोधत आमच्या वर्गात येई आणि फळ्याखालचा खडू खाई. तिसऱ्या दिवसापासून मात्र पहिलीतल्या मुलांच्या चित्रांवर स्वतःची रेघ ओढण्यात गुंतला. संप मिटल्यावर मदतनीस बाई दहाच्या आधी फाटकाशी थांबू लागल्या. त्यांनी या कामाचे काही मागितले नाही. ते त्यांच्याकडून फुकट करून घेतले, याची नोंद मात्र इथे राहिली पाहिजे.

वेळापत्रकही बदलले. पहिली तासिका आता एका विषयाची राहिली नाही. आठवड्यातून दोनदा गणित, दोनदा मराठी, एकदा इंग्रजी, एकदा परिसर अभ्यास. या बदलाला मला अर्धा तास आणि एक खोडरबर लागले, आणि सगळ्या प्रकरणात हेच मला सर्वांत आधी सुचायला हवे होते, कारण उशिरा येणारी ती एकटी कधीच नव्हती. दारात उभे करणे बंद केले. त्याऐवजी एका वहीत उशिरा आलेल्याचे नाव आणि आल्याची वेळ लिहू लागलो आणि आठवड्याच्या शेवटी ती वही वाचू लागलो. वेळ लिहिली की तऱ्हा दिसते. एक मुलगा फक्त बुधवारी उशिरा येत असे. बुधवारी त्याचे वडील त्याला शेळ्या बांधायला लावून बाजाराला जात.

मुलीचा भागाकार भरून काढायला फेब्रुवारीचे तीन आठवडे लागले. मधल्या सुट्टीत दहा मिनिटे, काड्यांचे गठ्ठे घेऊन. १ मध्ये ४ जात नाहीत, तर वर काय लिहायचे, असे विचारले की ती आधी थांबायची. एक दिवस म्हणाली, "काहीच नाही गेलं, तर काहीच नाही लिहायचं." मी म्हटले, "काहीच नाही, हे लिहायला पण चिन्ह आहे." तिने शून्य काढले आणि पुढची सहा गणिते न थांबता सोडवली.

मात्र मार्चमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची झाली आणि घडी पुन्हा मोडली. काढणी जोरात होती, आई अंधारातच निघायची, भाऊ सातला उठायचा नाही, आणि मदतनीस बाईंच्या वेळाही बदलल्या होत्या. वहीत तिच्या नावापुढे पुन्हा वेळा दिसू लागल्या. ऑक्टोबरमधल्या उशिरापेक्षा कमी, पण होत्याच. त्याला मी उपाय काढू शकलो नाही. ती उशिरा आली तरी आली, आणि त्या दिवसाची पहिली तासिका कोणती बुडली ते मला माहीत असे, एवढाच काय तो फरक.

आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये तिने शेजारच्या गावी पाचवीत नाव घातले, मळ्यापासून दोन किलोमीटरवर. शाळा सोडल्याच्या दाखल्यात वर्तणूक आणि प्रगती यांसाठी रकाने आहेत. मला जे कळवायचे होते त्यासाठी नाही. म्हणून तिच्या नव्या वर्गशिक्षकांना मी फोन केला. मुलगी कशी आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, चांगली आहे, गणितात आता अडत नाही. पण ऑक्टोबर लागला की तुमच्या गावची अंगणवाडी किती वाजता उघडते ते एकदा बघून ठेवा, आणि ती शाळेच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेही.